अर्धं नख आत

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईचा गाल सुजलेला नव्हता. दाताच्या डॉक्टरांनी हे दारातूनच पाहिलं आणि ही पेशंट आपली नाही, सासूबाईंची आहे, हे ते समजून चुकले.

गेली काही वर्षं असंच चाललं होतं. सासूबाई पूर्वी विमा कंपनीत होत्या. जळलेली गोदामं, बुडालेला माल, चोरीला गेलेले आणि न गेलेले दागिने, असल्या दाव्यांमधलं खरं-खोटं करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्या खासगी तपासाची कामं घेऊ लागल्या आणि त्यासाठी त्यांनी जावयाच्या दवाखान्यातली मागची खोली ताब्यात घेतली. 'ताब्यात घेतली' हा डॉक्टरांचा शब्द. सासूबाई म्हणायच्या, 'तुम्हाला सोबत म्हणून आले.' त्यामुळे बाकावर दाढ दुखणारा माणूस आणि नवरा हरवलेली बाई शेजारी शेजारी बसत. एकदा तर डॉक्टरांनी सासूबाईंच्या अशिलाचे दात घासूनपुसून चकचकीत करून दिले होते, आणि तो बिचारा तपासाचाच भाग समजून आ करून बसला होता.

"दात काढायचाय का?" डॉक्टरांनी तरीही विचारलं. माणसाची आशा सुटत नाही.

"पाडायचे आहेत," बाई म्हणाली. "पण माझे नाहीत."

बाई आडव्या बांध्याची, पन्नाशीची. दंडावर भाजल्याचे जुने डाग होते आणि केसांच्या मुळाशी पीठ. तिला मागच्या खोलीत नेईपर्यंत सासूबाईंनी एक चष्मा कपाळावर चढवून दुसरा डोळ्यांवर घेतला होता.

"भट्टी बंद ठेवून आलात, म्हणजे गोष्ट मोठी आहे," त्या म्हणाल्या. "बोला."

बाई तटाजवळच्या बेकरीची मालकीण होती. शहराला एके काळी चहूबाजूंनी तट होता. शहर फुगत गेलं तसा लोकांनी तो पाडला, दगड घरांच्या पायात घातले आणि विसरून गेले. आता गावाच्या एका टोकाला जुनी वेस उरली होती आणि दुसऱ्या टोकाला तटाचा एक तुकडा, चार-पाच दुकानं पाठ टेकून बसतील एवढा. त्याला पाठ टेकून दोनच दुकानं होती, ही बेकरी आणि शेजारचा कुलूपवाला. बेकरीची मागची भिंत म्हणजे तटच. भट्टीही त्याच्यातच बसवलेली.

"आता रस्ता रुंद करायचाय," बाई म्हणाली. "तट अस्सल जुना असेल तर त्याला हात लावता येत नाही. पण नंतर कुणी नव्याने बांधलेला निघाला, तर सगळा पाडणार. तटाबरोबर माझी बेकरी. म्हणून समिती नेमली. समिती म्हणाली, बाहेरच्या बाजूने एका ठिकाणी भिंत फोडून पोटात काय आहे ते बघू. जागा तुम्हीच निवडा, म्हणजे नंतर कुरकुर नको."

"मग निवडलीत?"

"मीच खडूने फुली मारली. संध्याकाळी मारली, सकाळी सगळ्यांदेखत फोडली. आणि आतून काय निघालं, तर काचेच्या बाटलीचं बूड. हिरवं. कारखान्याचा ठसा असलेलं." बाईने टेबलावर हात आपटला. "माझ्या तटाच्या पोटात सरबताची बाटली."

"संशय कुणावर?"

"फोडणाऱ्या अधिकाऱ्यावर. हातचलाखी केली मेल्याने. उद्या सकाळी समितीची शेवटची बैठक आहे, तिथेच, तटापाशी. निकाल लागला की बुलडोझर. मी तशीही हलणार नाही. भट्टीसमोर खुर्ची टाकून बसेन, आणा म्हणेन काय आणायचंय ते. पण खोटी ठरून नाही बसायचं मला, खरी ठरून बसायचंय."

सासूबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. हे त्यांचं 'हो' होतं. "जावईबापू, दुपारच्या दाढा उद्यावर टाका," त्या म्हणाल्या. "आणि तो तुमचा लांब दांड्याचा आरसा घ्या बरोबर."

दुपारच्या दाढांपैकी एक तर खुद्द पोस्टमास्तरांची होती, पण डॉक्टरांनी आरसा पिशवीत टाकला. बोलून उपयोग झाल्याचा त्यांना अनुभव नव्हता.

तट पाहून डॉक्टरांची जराशी निराशाच झाली. लहानपणी तो केवढा वाटायचा. आता काळे, अंगावर शेवाळ वागवणारे दगड, वर गवत, आणि त्यातून डोकं काढलेलं बेकरीचं धुराडं. धुराड्याच्या बरोबर खाली, छातीएवढ्या उंचीवर भोक पाडलेलं होतं. पुसट झालेली खडूची एक रेघ त्याच्या कडेला अजून दिसत होती. पण तुकडा असला तरी पाय रोवून उभा होता, हे मात्र डॉक्टरांना मान्य करावं लागलं.

अधिकारी भोकापाशीच भेटला. काटकुळा, कोरडा माणूस. बेकरीवालीला पाहून त्याने दोन पावलं मागे घेतली.

"मी बाह्या दंडापर्यंत दुमडून काम केलं," तो म्हणाला. "बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता."

"बाटलीचं बूड सैल होतं का?" सासूबाईंनी विचारलं.

"छे. चुन्यात पक्कं बसलेलं. छिन्नी लावून सोडवलं. असला चुना कडक व्हायला कित्येक आठवडे जातात. रात्रीत कुणी काही घातलं असतं तर सकाळी ते लोण्यासारखं निघालं असतं."

"आणि बाकीची भर? दगडांच्या मधली?"

"बाकी सगळी जुनी वाटते, हे मी अहवालातही म्हणणार आहे. कपच्या, शिंपले, जुना चुना. पण एक बाटली निघाली की संपलं. त्यात ती निघाली अगदी शेवटी. माझा हात खांद्यापर्यंत आत गेला होता, मी थांबणारच होतो."

"अगदी शेवटी," सासूबाई पुटपुटल्या.

डॉक्टरांना वाटलं, शेवटी म्हणजे थकलेल्या वेळी, सगळ्यांचं लक्ष उडालेलं असताना. हातचलाखीला हीच वेळ बरी. त्यांनी मनात अधिकाऱ्याच्या नावापुढे खूण केली.

कुलूपवाला आपल्या दुकानात एका जुनाट कुलपाच्या किल्लीवर कानस घासत बसला होता. कानस थांबवायची त्याची इच्छा नव्हती, म्हणून सगळं बोलणं त्या खरखरीवरून झालं.

"रात्रभर राखण मीच केली," तो म्हणाला. "फुलीला पाठ लावून झोपलो. सकाळी बायकोने दाखवलं, पाठीवर खडूची फुली उमटली होती. माझ्या अंगावरून जाऊन कुणी भिंत फोडली असेल तर तो माणूस नाही, उंदीर."

"तुम्हाला नव्या बाजारात गाळा मिळणार म्हणे, तट पडला तर."

"मिळणार आहे आणि मला पाहिजेही आहे. लपवायचं काय त्यात? इथे गिऱ्हाईक येतं कुठे?" त्याने किल्ली उजेडात धरली. "पण मी कुलपांचा धंदा करतो. खोटेपणा केला तर दुसऱ्या दिवशी कोण येईल माझ्याकडे?"

"बाई कुठे फुली मारणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं होतं माझ्या टोकाला मारेल, मला त्रास द्यायला. भांडण तयार ठेवलं होतं मी. फुकट गेलं."

रस्त्याचा ठेकेदार मोटारीला टेकून उभा होता. तो तर गोड बोलण्यात मुरलेला. "मावशी, मला रस्ता बांधायचाय," तो म्हणाला, "तो बाईंच्या बेकरीच्या पोटातून गेला काय आणि पाठीमागून गेला काय." त्याच्या माणसांनी तटाच्या पलीकडच्या टोकाची, पडक्या बुरुजाजवळची झुडपं तोडून जागा लख्ख केली होती. सासूबाईंनी कारण विचारलं.

"फोडणार तर बुरुजापाशीच फोडतील, असं वाटलं. पाहुण्यांना उभं राहायला जागा नको का? फुली भलत्याच ठिकाणी पडली, माझे मजूर उगाच ओरबाडून निघाले."

परत फिरताना डॉक्टरांनी आपलं मत देऊन टाकलं. "आई, हा अधिकारी. दुसरं कुणी नाही. बाह्या दुमडल्या म्हणून वारंवार सांगतोय."

"दुमडल्या होत्या म्हणून सांगतोय," सासूबाई म्हणाल्या. "चला, वेशीपाशी जाऊ. जुना चुना कसा असतो ते मला शिकायचंय."

वेशीची डागडुजी करत होते बेकरीवालीचे दीर. दगडकामात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. बेकरीच्या वरच्या खोलीत ते बायकोसह राहत आणि दिवसभर या ना त्या जुन्या बांधकामाला चिकटलेले असत. बाई त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून तपासापुरते सगळेच त्यांना भाऊजी म्हणू लागले. ते परांचीवरून उतरले, हात पुसले आणि सासूबाईंना बसायला पोतं अंथरून दिलं.

"वहिनींसाठी काय लागेल ते विचारा," ते म्हणाले.

सासूबाईंनी शाळकरी मुलीसारखे प्रश्न विचारले. भाऊजी खुलले. चुना कसा भिजवायचा, वाळू कुठली घ्यायची, दोन दगडांमधली फट म्हणजे दरज कशी भरायची, सगळं त्यांनी थापी हातात घेऊन दाखवलं.

"ही बाजू जुनी आणि ही मी भरलेली," ते म्हणाले. "कशी ओळखाल?"

डॉक्टरांनी नाक भिंतीला लावलं. रंग तोच, पोत तोच. "नाही ओळखता येत."

"बोट फिरवा." डॉक्टरांनी बोट फिरवलं. जुनी दरज दगडाच्या बरोबरीला होती आणि नवी किंचित आत. "अर्धं नख आत," भाऊजी म्हणाले. "माझ्या गुरूंनी छडी मारून शिकवलंय. नव्याने जुन्याची जागा घ्यायची, सोंग घ्यायचं नाही. उद्या कुणी बघायला आलं तर त्याला कळलं पाहिजे, इथे हात लागलाय. आता झोपेत भरली तरी माझी दरज आतच बसते."

"फार चांगलं शिकवलं," सासूबाई म्हणाल्या. "घरी सगळे कसे आहेत?"

भाऊजींचा चेहरा जरा उतरला. "बायकोला श्वास लागतो. वर खोलीला खिडकी नाही, खालून पीठ येतं, मागून तटाची ओल. चालायचंच."

दोघं तटाशी परतले तेव्हा कुलूपवाला उजेडासाठी बाहेर भोकापाशी येऊन कानस घासत होता, आणि बेकरीत बाईने भट्टी पुन्हा पेटवली होती. आत ऊब आणि ताज्या पावाचा वास होता, आणि डॉक्टरांना एकदम सकाळी न्याहारी न केल्याचं आठवलं. बाईने न विचारता एक पाव त्यांच्या हातात ठेवला. वरून खोकल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"जाऊबाई," बाई म्हणाली. "औषध चालू आहे."

भट्टीच्या शेजारी तटात एक खोल कोनाडा होता. समोर फळ्यांची मांडणी, तिच्यावर पिठाच्या गोळ्यांचे ट्रे. "पीठ फुगायला ठेवते इथे," बाई म्हणाली. "भट्टीची ऊब लागते. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, भट्टीमागचा तट सगळ्यात जुना, इथे कुणाचा हात लागलेला नाही. म्हणून तर मी फुली बरोबर इथेच मारली, धुराड्याच्या खाली."

"हे तुम्ही कुणाला आधी सांगितलं होतंत?"

"वेडी आहे का मी? सांगितलं असतं तर घोळ घातला असता कुणीतरी. फुली मारताना मी मुद्दाम सगळ्या तटावरून दोन फेऱ्या मारल्या, जसं काही आत्ताच ठरवतेय. घरातल्यांशिवाय कुणाला वास नव्हता."

सासूबाईंनी मांडणी सरकवायला लावली. "जावईबापू, तुमचा आरसा आणि बॅटरी. कोनाड्याची पाठ बघा आणि दात बघता तसं सांगा."

डॉक्टर पाव खिशात ठेवून कोनाड्यात शिरले. धूर आणि पीठ बसून सगळी पाठ एकसारखी काळपट-पांढरी झाली होती. कुलूपवाल्याची कानस इथे अगदी कानाशी घासल्यासारखी ऐकू येत होती. त्यांनी सवयीने डावीकडून सुरुवात केली.

"मोठे आहेत, जरा वाकडे, पण मजबूत," ते म्हणाले. "कीड नाही. या मधल्या चार-पाचांच्या हिरड्या तेवढ्या उतरल्यात."

"सगळ्यांच्या नाही?"

"नाही, बाजूच्यांच्या ठणठणीत. मधल्यांच्याच. पिठावर घालायच्या ओल्या फडक्यांनी झिजल्या असतील." ते बाहेर आले. नाकावर काजळी लागली होती. "आणि आई, कुलूपवाल्याला सांगा जरा, त्याची कानस डोक्यात जाते इथे. भोकातून येते वाटतं."

सासूबाई जावयाकडे इतक्या मायेने पाहू लागल्या की डॉक्टर घाबरले. तसं त्यांनी लग्नातही पाहिलं नव्हतं.

"ही भट्टी कधी थंड असते का?" त्यांनी बाईला विचारलं.

"कधीच नाही. आज विझवली तरी आत निखारा होता. यंदा एकदाच थंड होती. लेकीला बाळ झालं, ते बघायला गेले होते. उन्हाळ्यात. जागा मी निवडायची असं जिच्यात ठरलं, ती समितीची पहिली बैठक होऊन गेली होती. म्हटलं, बंदच आहे तर भट्टीची फरशी बदलून घ्या. भाऊजींनी बदलली."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला नाही. नुसताच हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या समिती आली की सगळ्यांना आत घ्या. बाहेर नको, इथेच. आणि तुम्ही थोडं घट्ट राहा."

"मी घट्टच आहे," बाई म्हणाली.

"तटासाठी आहात. उद्या दुसऱ्या गोष्टीसाठी राहावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. समितीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, पिठाच्या पोत्यावर बसले. अधिकारी फाईल छातीशी धरून भिंतीला चिकटला. कुलूपवाला दारात, ठेकेदार त्याच्या मागे, भाऊजी जिन्याच्या पायरीवर, त्यांची बायको वरच्या पायरीवर तोंडाला पदर लावून. बेकरीवालीने खरोखरच भट्टीसमोर खुर्ची टाकली होती आणि ती तिच्यात हात बांधून बसली होती.

"तुम्ही म्हणता ती बाटली कुणी आत घातली," अध्यक्ष म्हणाले. "पण रात्री राखण होती, आणि सकाळी सगळ्यांचे डोळे होते."

"म्हणून रात्र आणि सकाळ दोन्ही सोडून द्या," सासूबाई म्हणाल्या. "चुना कडक होता. म्हणजे बाटली फुलीच्या कित्येक आठवडे आधी आत गेली. कुलूपवाल्यांच्या पाठीला आणि अधिकाऱ्यांच्या बाह्यांना आपण उगाच त्रास दिला."

अधिकाऱ्याने कालपासून पहिल्यांदाच श्वास सोडला.

"पण फुली कुठे पडणार हे आधी कुणाला ठाऊक असणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"तेच तर. चोराने भिंतीच्या आधी बाईंचं मन फोडलं पाहिजे. कुलूपवाल्यांना वाटलं, फुली त्यांच्या टोकाला पडेल. ठेकेदारांना वाटलं बुरुजाशी. त्यांनी तिथली झुडपं तोडली. ज्याला ठाऊक आहे तो दुसऱ्या टोकाला मजूर कशाला राबवेल? बाहेर कुणाला माहीत नव्हतं. माहीत होतं ते घरात."

बेकरीवालीने बांधलेले हात सोडले.

"आता बाटली गेली कुठून. ती भोकाच्या अगदी शेवटी सापडली. बाहेरून शेवटी, म्हणजे आतून सुरुवातीला. हा कोनाडा त्या भोकाच्या बरोबर पाठीला आहे. इतका, की बाहेर कानस घासली तर इथे दात आंबतात. माझ्या जावयांनी सांगितलं." डॉक्टर उगाच सरळ उभे राहिले. "कोनाड्यातून चार दगड काढायचे, आतल्या भरीत बाटली बसवायची, दगड परत लावायचे. भट्टी चालू असताना जमणार नाही. भट्टी यंदा एकदाच थंड होती, उन्हाळ्यात."

वर खोकला आला आणि पदरात दाबला गेला.

"काम फार सुरेख केलंय," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली आला. "रंग जुळवला, वर काजळी आणि पीठ माखलं. कुणाला दिसलं नसतं. पण माझ्या जावयांना त्या दगडांच्या हिरड्या उतरलेल्या दिसल्या. अध्यक्षसाहेब, बोट फिरवून बघा. या मधल्या दगडांच्या दरजा आत आहेत. अर्धं नख. लबाडी करायला बसलेला माणूस आपल्या हाताला खोटं बोलायला लावू शकला नाही. हा हात गावात एकाचाच आहे."

अध्यक्षांनी वाकून बोट फिरवलं. मग अधिकाऱ्याने फिरवलं. त्याने पिशवीतून छिन्नी काढली.

"हे दगड काढावे लागतील. उरलेली बाटली आत असली तर..."

"उजवीकडचे काढू नका," भाऊजी पायरीवरून म्हणाले. "गळा डावीकडे आहे, खालच्या दगडामागे. बाकीचे तुकडे त्याच्या वर. एकच तुकडा ठेवला असता तर तुमच्या हातून निसटला असता."

अधिकाऱ्याने डावीकडचा दगड सोडवला. हिरवा गळा निघाला, वरचे तुकडे निघाले. त्यातला एक त्याने फाईलमधल्या पाकिटातल्या बुडाला लावून पाहिला, आणि फुटलेली कड केसभरही न सरकता बसली.

बेकरीवाली उठली नाही. "का?" एवढंच म्हणाली.

"तट पडला असता तर प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळं घर मिळणार होतं. खिडक्यांचं." भाऊजी तिच्याकडे बघत नव्हते, वरच्या पायरीकडे बघत होते. "ही रात्र रात्र उशीला टेकून बसते, वहिनी. मी तुम्हाला कितीदा सांगितलं. तुम्ही दरवेळी म्हणालात, तट सोडायचा नाही. तुम्ही बुलडोझरपुढे बसणार, सगळं गाव बघणार. हिच्यापुढे कोण बसणार होतं?"

डॉक्टरांना वाटलं, आता बाई भडकेल. गावभर जिचा आवाज ऐकू जातो ती बाई. पण ती आपल्या पिठाने भरलेल्या हातांकडे बघू लागली, आणि तिचे डोळे भरून आले ते तिने लपवलं नाही.

"मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "खोकला रोज ऐकू येत होता, पण ऐकला नाही. माझं चुकलं." मग ती उठली. "रस्त्याकडची माझी खोली आजपासून तुमची. दोन खिडक्या आहेत. मी वर जाते, माझी छाती भट्टीने शेकलेली आहे, मला काही होत नाही. पीठ चाळायचं ते यापुढे अंगणात. पण भाऊजी, तट मी सोडणार नाही. काल नव्हते सोडणार, आज तर नाहीच."

"आता मी सोडायला सांगत नाही," भाऊजी म्हणाले.

अध्यक्षांनी अधिकाऱ्याला विचारलं, बाटली वगळली तर भरीत नवं काही होतं का. अधिकारी म्हणाला, शिंपलाभरही नाही. पाहिजे तर साहेबांनी स्वतः बोट दाखवावं, तिथे फोडू. त्याच दुपारी बुरुजापाशी, झुडपं तोडलेल्या जागी, दुसरं भोक पाडलं गेलं. कपच्या, शिंपले आणि जुना चुना. तट अस्सल ठरला.

"मग माझा रस्ता?" ठेकेदार म्हणाला. "सरळ आखलाय तो."

"वळवा त्याला," बेकरीवाली म्हणाली. "तट इथे आधी आलाय."

पुढच्या आठवड्यात सासूबाई डॉक्टरांना घेऊन पाव आणायला गेल्या. समितीने वेशीचं काम भाऊजींच्या हातून काढून घेतलं होतं. तटाची दोन्ही भोकं मात्र त्यांनीच बुजवायची, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असा हट्ट बेकरीवालीने समितीपुढे धरला. अध्यक्ष तिच्यापुढे टिकले नाहीत. रस्त्याकडच्या खिडकीत जाऊबाई मटार सोलत बसल्या होत्या आणि मधूनच कुलूपवाल्याशी भांडत होत्या, म्हणजे श्वास पुरत होता. कुलूपवाल्याला गाळा मिळाला नव्हता, पण भांडायला दुसरं माणूस मिळालं होतं.

भाऊजींनी धुराड्याखालचा शेवटचा दगड बसवला. थापीवर चुना घेतला आणि थांबले.

"वहिनी," त्यांनी हाक मारली, "सगळं पुरं झालं. दरज बरोबरीने भरू का? मला जमेल. फोडलं होतं ते कुणाला कळणार नाही."

बेकरीवाली पिठाचे हात घेऊन दारात आली. तिने तटाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग दिराकडे.

"आत ठेवा," ती म्हणाली. "अर्धं नख. इथे फोडलं होतं आणि आम्ही परत उभं केलं, हे येणाऱ्याला कळू दे."